सहावं घर

मित्रांनो, छायाबाई गेल्याचं दुकानात कळलं, तेव्हा माझी पाच घरं मोजून झाली होती आणि सहावं राहिलं होतं.

नवरात्राची तिसरी माळ होती. संध्याकाळी पाचच्या सुमारास फोन वाजला. दुकानात कामाला असलेल्या चंदरनं उचलला. तो "हो" म्हणाला, मग पुन्हा "हो" म्हणाला, आणि रिसीव्हर जागेवर न ठेवता माझ्या डोक्यावर ठेवून तसाच उभा राहिला. त्यातून बराच वेळ टूं टूं असा आवाज येत होता.

तासाभरानं मालक आले. त्यांचं नाव वाल्मीकराव. वणीला गडाच्या पायथ्याशी प्रसादाची दुकानं लागतात, त्यांचे इन्व्हर्टर जोडायला ते सकाळीच गेले होते. हातात पेढ्यांचा पुडा होता.

"छाया कुठंय? म्हणावं, देवीचा प्रसाद आणलाय."

चंदर फडक्याला हात पुसत होता. हात कधीच कोरडे झाले होते, तरी पुसत होता.

"शेठ, तुम्ही आधी बसा."

"अरे, बसून बसून तर आलो जीपमधून."

"बसा म्हनतो ना," चंदर म्हणाला. एवढ्या वर्षांत तो मालकाशी असं बोलला नव्हता. मालक बसले. ते छायाबाईंच्या स्टुलावर बसले होते.

मी कोण ते सांगायचं राहिलं. मी इन्व्हर्टरची बॅटरी आहे. आता जुनी झाले आहे. दोन माणसांशिवाय मला कोणी उचलू शकत नाही. माझा जन्म लांबच्या कारखान्यात झाला. शिशाच्या पट्ट्या ओतल्या, त्या सहा कप्प्यांत बसवल्या, वरून तेजाब भरलं. या कप्प्यांना कोणी सेल म्हणतं, पण आमच्या दुकानात त्यांना घर म्हणतात. मला सहा घरं आहेत. प्रत्येक घराला वरून आट्याचं एक झाकण आहे. सहाही घरं मिळून दिवा लावतात. त्यातलं एक जरी बसलं, म्हणजे निकामी झालं, तरी उरलेल्या पाचांचा उपयोग होत नाही.

ट्रकमधून मी नाशिकला आले आणि पेठ नाक्यावरच्या या दुकानात उतरले. दुकान नवराबायकोचं होतं. उचलणं, जोडणं, गिऱ्हाइकांशी बोलणं वाल्मीकराव करत. चार्ज करणं आणि मोजणं छायाबाई करत. त्यांच्याकडे काचेची एक नळी होती. तिला वर रबरी फुगा आणि आत तरंगणारा काटा होता. नळी घरात बुडवायची, फुगा दाबून सोडायचा, पाणी वर येतं, काटा तरंगतो. काटा वर तरंगला की आकडा मोठा आणि घर भरलेलं. खाली बसला की आकडा लहान आणि घर रिकामं. छायाबाई आकडा बघायच्या, तोंडानं म्हणायच्या आणि माझ्यासारखीच्या अंगावर खडूनं लिहायच्या. तेजाबाचे थेंब उडून त्यांच्या सगळ्या साड्यांना बारीक भोकं पडली होती. वाल्मीकराव चेष्टा करायचे, "आमच्या बाईसाहेबांना जाळीचीच साडी आवडते." त्यावर त्या म्हणायच्या, "तुम्हाला गप्पा आवडतात, मला आकडे आवडतात. म्हणून दुकान चाललंय."

त्यांचा एकच नियम होता. न मोजता बोलायचं नाही. वाल्मीकरावांची खोड उलटी होती. गिऱ्हाइकाचा फोन आला की ते बसल्या जागी निदान सांगायचे. "काही नाही, पाणी कमी असेल." "काही नाही, वायर ढिली असेल." दहातल्या नऊ वेळा ते खरं निघायचं. छायाबाई आतून म्हणायच्या, "मोजलंत का? मग कशाला बोलता?"

२००४ सालच्या दसऱ्याला मला मखमलाबादच्या लंकाबाईंनी विकत घेतलं. त्यांचे झेंडूचे वाफे होते. शेडमध्ये बायका हार ओवायला बसायच्या आणि नेमकी तेव्हाच लाईट जायची. तेव्हा लोडशेडिंग फार होतं. छायाबाईंनी मला हळदकुंकू वाहिलं आणि वॉरंटीचं कार्ड भरून दिलं. त्यावर दोन वर्षांची मुदत होती.

ते माझे चांगले दिवस होते. लाईट गेली की मी दोन ट्यूब लावायचे आणि बायकांच्या सुया थांबायच्या नाहीत. लंकाबाई सगळ्यांना सांगायच्या, "म्हशीपेक्षा ही बरी. चारा नाय, वैरण नाय, नुसतं पाणी पाजायचं." आणि महिन्याच्या महिन्याला न चुकता बॅटरीचं पाणी भरायच्या. मला कोणी हयगयीनं वागवलं नाही, हे मी इथे मुद्दाम सांगते.

तरी दुसऱ्या वर्षाच्या शेवटी माझा दम सरायला लागला. तीन तास चालणाऱ्या ट्यूब वीस मिनिटांत पिवळ्या पडू लागल्या. ऐन नवरात्रात हारांची घाई, म्हणून लंकाबाईंनी मला रिक्षात घालून दुकानात आणलं. छायाबाईंनी त्यांना तात्पुरती दुसरी बॅटरी दिली आणि म्हणाल्या, "आधी रात्रभर चार्ज करते, मग जरा निवू देते, मग मोजते. एकच घर बसलेलं असलं तर कंपनी नवी देते. सगळीच घरं कमी असली तर ती आपली हयगय, मग कंपनी देत नाही."

"आमची हयगय नाय हो," लंकाबाई म्हणाल्या.

"ते आकडे सांगतील."

तिसऱ्या माळेला दुपारी एकच्या सुमारास छायाबाई माझ्याजवळ स्टूल ओढून बसल्या. नऊ दिवसांचा उपास होता. बसल्यावर त्यांनी डावा खांदा दाबून धरला. मग मालकांना फोन लावला. वणीला भोंगे वाजत होते, त्यामुळे मालक ओरडून बोलत होते आणि त्यांचं बोलणं मलाही ऐकू आलं.

"अहो, छातीत कसंतरीच होतंय."

"काही नाही, उपासाचं पित्त असेल. लिंबूपाणी घे, बरं वाटेल."

छायाबाईंनी लिंबूपाणी घेतलं. मग त्यांनी नळी घेतली. पहिलं घर, बाराशे चाळीस. दुसरं, बाराशे पस्तीस. तिसरं, बाराशे चाळीस. चौथं, बाराशे तीस. पाचवं, बाराशे चाळीस. प्रत्येक आकडा त्यांनी माझ्या अंगावर लिहिला. पाचव्याच्या शून्याचं वर्तुळ नीट जुळलं नाही. मग त्यांनी सहाव्या घराच्या झाकणाला हात घातला, अर्धा आटा फिरवला आणि थांबल्या. बराच वेळ त्यांचा हात त्या झाकणावर होता. हात गार होता.

"चंदर," त्या म्हणाल्या, "मी घरी जाऊन जरा पडते. हिला कोणी हात लावू नका. सहावं घर राहिलंय. मी येऊन बघते."

त्या चालत रिक्षापर्यंत गेल्या. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

तेराव्यापर्यंत दुकान बंद होतं. त्या वर्षी दसऱ्याला आमची पूजा झाली नाही. बंद दुकानात आम्ही वीसएक बॅटऱ्या होतो आणि माझ्यासमोर ते स्टूल होतं. नळी तिथेच टेकवलेली होती. तिच्यातला पाचव्या घराच्या पाण्याचा थेंब सुकून पांढरा झाला होता.

दुकान उघडलं त्या दिवशी मालकांनी पहिलं काम केलं ते माझ्या अंगावरच्या खडूच्या आकड्यांवर पारदर्शक चिकटपट्टी लावायचं. मग त्यांनी मला चार्जिंगला जोडलं. चार्ज पूर्ण होत आला की बॅटरीच्या घरांमधून बुडबुडे येतात. छायाबाई त्याला बोलणं म्हणायच्या. "बघा, बोलायला लागली," असं म्हणून त्या कान लावायच्या. संध्याकाळी मी बोलायला लागले. मालक हिशेबाची वही टाकून उठले, म्हणाले, "आलो गं," आणि निम्म्या दुकानात येऊन थांबले. चंदरनं तोंड फिरवून घेतलं.

दुसऱ्या दिवशीही त्यांनी मला चार्जिंगला लावलं. तिसऱ्या दिवशीही लावलं. कोणी विचारलं की म्हणायचे, "चार्ज झाली की मोजणार आहे." मोजायची वेळ आली की पुन्हा चार्जिंगला लावायचे.

चार दिवसांनी लंकाबाई आल्या. आधी त्या पाणी प्यायल्या. मग म्हणाल्या, "वाल्मीकभाऊ, वेळ नाय विचारायची, पन दसरा यंदा लवकर झाला तरी कार्डावरच्या तारखेची मुदत आता संपत आली. तुमची ती उसनी बॅटरी पण दमली. दिवाळीचे हार तोंडावर आले. माझं काय ते सांगा."

"रिडिंग अर्धं आहे," मालक म्हणाले.

"अर्धं, म्हंजे?"

चंदर मध्ये पडला. "शेठ, पाच घरं भरलेली हायेत अन् वीस मिन्टात लाईट जाते. मग सहावंच बसलंय, हे शेंबडं पोरगं पन सांगंल. टाका ना फॉर्मवर अंदाजानं अकराशे. कोन बघतंय?"

मालकांनी फॉर्म घेतला. त्यावर सहा चौकोन असतात. पाच त्यांनी माझ्यावर बघून भरले. सहाव्या चौकोनावर पेन टेकवलं. तिथे शाईचा ठिपका पडला, तो मोठा होत गेला.

"अंदाजानं नाही," ते म्हणाले. "एकदा सांगितलं अंदाजानं."

 मग लंकाबाईंनी नळी उचलली आणि त्यांच्यापुढे धरली. "मग मोजा ना. तुम्हाला येतं की."

"ती म्हणाली होती, मी येऊन बघते."

लंकाबाईंनी नळी खाली ठेवली. त्या विधवा होत्या, हे मला शेडमध्ये असल्यापासून माहीत होतं. त्या म्हणाल्या, "आमच्या मालकांची चप्पल मी पाच वर्षं दारात ठेवली होती. रोज झाडायची, पुन्हा तिथंच ठेवायची. शेवटी एक कुत्रं घेऊन गेलं. दोन दिवस मी त्या कुत्र्याला शिव्या दिल्या. मग वाटलं, बरं केलं बिचाऱ्यानं."

मालक हसले. त्या दिवसानंतर मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. मग ते उठले, फळीवरची कोरी बॅटरी खाली घेतली, लंकाबाईंच्या नावानं नवं कार्ड भरलं आणि चंदरला म्हणाले, "बाईंच्या शेडमध्ये बसवून ये."

"आन् कंपनीचं?" लंकाबाईंनी विचारलं.

"तुमची हयगय नव्हती. एवढं मला मोजल्याशिवाय पण माहीत आहे. बाकी माझं मी बघतो."

अशी मी दुकानाची झाले.

माझ्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी कंपनीचा माणूस आला. तो महिन्यातून एकदा वॉरंटीतल्या जुन्या बॅटऱ्या तपासून घेऊन जायचा. भला माणूस होता. माझ्यापाशी येऊन म्हणाला, "शेठ, हिची तारीख आजची आहे. एक मिनिटाचं काम. मी मोजतो, तुम्ही तिकडं बघा." त्यानं स्वतःची नळी काढली आणि झाकणाकडे हात नेला. मालकांनी माझ्यावर तळवा ठेवला. छायाबाईंचा हात होता, त्याच झाकणावर.  मग त्यानं नळी पिशवीत ठेवली आणि उरलेल्या बॅटऱ्या टेम्पोत चढवल्या. टेम्पो गेला. मी राहिले.

मित्रांनो, याला आता तीन वर्षं झाली. मालक मला अजून चार्जिंगला लावतात. आठवड्यातून एकदा पाच घरांची झाकणं उघडून पाणी घालतात. सहावं उघडत नाहीत. बोलून बोलून बॅटरीचं पाणी आटतं, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. हजार गिऱ्हाइकांना त्यांनी ते सांगितलं आहे. मलाही त्या घरात काय उरलं आहे ते सांगता येत नाही. आपलं आपल्याला मोजता येत नाही, दुसऱ्यानंच मोजावं लागतं. त्या दिवशी ते बसलेलं होतं की नव्हतं, हे आता कोणी मोजलं तरी कळायचं नाही. कोरडं घर काहीच सांगत नाही.

मालक मात्र बदलले आहेत. फोनवर कोणाला निदान सांगत नाहीत. कोणी म्हटलं, "बघा ना, काय झालं असेल?" तर म्हणतात, "मी येतो. आल्यावर सांगतो." मागच्या महिन्यात चंदर म्हणाला, पोटात जळजळतंय, काल मिरची जास्त झाली. मालकांनी दुकानाचं शटर ओढलं आणि त्याला दवाखान्यात नेलं. ती खरंच मिरची निघाली. येताना चंदर रिक्षात सारखा म्हणत होता म्हणे, "उगाच पैशे घातले शेठ." मालक म्हणाले, "घातले तर घातले. मोजलं ना?"

म्हणून तुम्हाला एक विनंती करते. घरातली बॅटरी असो की माणूस, दमलेलं दिसलं की 'काही नाही' म्हणू नका. जवळ जा, बघा, मोजा. पाणी वेळेवर घाला. पाच घरं चांगली दिसली म्हणून सहावं सोडू नका.

आज नवरात्राची तिसरी माळ आहे. मालकांनी सकाळीच स्टूल पुसून माझ्यासमोर ठेवलं. नळी धुतली. मग स्टुलावर बसले आणि झाकणाला हात लावला. झाकण अर्धा आटा ढिलं आहे, छायाबाईंनी केलं होतं तेवढंच. थोड्या वेळानं एक गिऱ्हाईक आलं, तसे ते उठले.

पाच घरं भरलेली आहेत. सहावं मोजायचं राहिलं आहे.