अभिराजची किंकाळी

अभिराज गेला आणि महिन्याभरात देव झाला. व्हाइटफील्डला त्याच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये रविवारी सकाळी त्याच्या आठवणींची सभा होती. फोटोतही गळ्यात सॅक्सोफोन, आणि तेच हसू, ज्यावर बंगळुरूतले सगळे रॉक बँड फिदा होते. सॅक्सोफोन मीही तीस वर्षं फुंकतोय. मला मात्र कुणी रस्त्यात ओळखत नाही. सरळ सांगतो, मी मेलेल्या माणसावर जळत होतो.

एकेक जण उठून त्याच्या स्टुडिओतल्या कामाबद्दल बोलला. जाहिराती, कन्नड सिनेमे, कुणाकुणाचे अल्बम. शेवटी गिटार वाजवणाऱ्या ध्रुवने ते प्रसिद्ध गाणं लावलं. त्यातल्या सोलोच्या टोकाला सॅक्सोफोन असा काही चिरकतो की काळजात चर्र होतं. "अभिराज सरांची किंकाळी!" ध्रुव म्हणाला, आणि लोकांनी रुमाल काढले.

ती किंकाळी माझी होती.

अठरा वर्षांपूर्वी रेकॉर्डिंगच्या दिवशी अभिराज तापाने फणफणला होता, म्हणून रेकॉर्डिस्ट गुंडोने मला बदलीवर बोलावलं. आमच्या धंद्याची रीतच अशी, की ज्याचं बुकिंग त्याचं नाव. बदलीवाल्याने वाजवायचं आणि तोंड मिटून घरी जायचं. शेवटच्या सुराला माझी रीड, म्हणजे तोंडात धरायची वेताची पट्टी, चिरली आणि भलताच आवाज निघाला. निव्वळ अपघात. गुंडो म्हणाला, "इरली, राहू दे, झकास लागलंय." कव्हरवर अभिराजचं नाव छापून आलं. इतकी वर्षं मी रीत पाळली. पण आज त्याच्या फोटोला हात जोडून लोक माझ्या आवाजावर रडत होते, आणि मला ते बघवेना.

मी जाऊन माइक ओढून घेतला. "हे मी वाजवलंय."

मग मागून आवाज आला, "अण्णा, आज तरी सोडा त्यांना!" माझे कान तापले.

पहिल्या रांगेतून अभिराजची बायको कस्तुरी उठली. "खरं सांगतायत जितेंद्रअण्णा," ती फोटोकडे हात करत सगळ्यांना म्हणाली. "ह्यांनीच मला सांगितलं होतं."

मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "प्रत्येक शोला लोक ती किंकाळी मागायचे. हे बाल्कनीत बसून घोटायचे. एकदाही तशी आली नाही. मग चिडायचे, ताटावरून उठायचे. 'जित्याला देवानं दिलंय ते मला नाही,' म्हणायचे. फार जळायचे हो तुमच्यावर."

"माझ्यावर?"

"म्हणून तर तुमच्याकडे यायचं टाळायचे. विचारायला लाज वाटायची त्यांना. मी विचारते. कशी काढलीत ती?"

खरं सांगायला दोन शब्द पुरले असते: रीड चिरली.

"रियाज, वहिनी," मी म्हणालो, आणि मला रडू फुटलं. तिने माझा हात धरला. रडता रडता आत कसं गार गार वाटत होतं.