अडकलेलं चित्र

मित्रांनो, मुलांच्या दवाखान्यात पडद्याच्या वर बसवलेला हा जुना कॅमेरा म्हणजे मीच. दूरच्या शहरातले बालरोगतज्ज्ञ माझ्यातून इथली मुलं तपासतात. मी नवा होतो तेव्हा माझं फार कौतुक झालं. पुढे काचेवर धूळ साचली, वायर सैल झाली, आणि माझ्याकडे कुणी वळूनही पाहीना.

एकदा ही सोय कितपत उपयोगी पडते ते पाहायला एक तपासनीस बाई आल्या. या आपली खोली बंद करणार, असा सिस्टरांना संशय. बाईंचा संशय माझ्यावर. आणि खरं सांगायचं तर माझाही माझ्यावर भरवसा उरला नव्हता.

तेवढ्यात एक आई तापाने फणफणलेल्या तान्ह्या मुलीला घेऊन आली. सिस्टरांनी तिला टेबलावर निजवून अंगातलं झबलं वर केलं. प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खळगा पडत होता. मला तो स्पष्ट दिसत होता.

“श्वास शांत आहे,” पडद्यावरून डॉक्टर म्हणाले. “साधी सर्दी आहे. औषध देतो.”

आईच्या कपाळावर आठी पडली. “डॉक्टर, तुम्ही हिलाच बघताय ना?”

“हो, समोरच तर आहे.”

तिने दोन्ही हात माझ्यापुढे जोरात हलवले. “मग मी आता काय करतेय?”

डॉक्टर पडद्याजवळ वाकले. “मला हात दिसत नाहीयेत. चित्र अडकलंय. सिस्टर, तिची छाती आत ओढली जातेय का?”

“हो, चांगलीच.”

“औषध राहू द्या. ऑक्सिजन लावा, गाडी बोलवा. मी इस्पितळात कळवतो.”

गाडी गेल्यावर सिस्टर तपासनीस बाईंना म्हणाल्या, “आता लिहा, बंद करा म्हणून.”

“बंद कशाला? इस्पितळाची वाट डॉक्टरांनीच दाखवली की. पण मुलीच्या आईने विचारलं ते आपल्यापैकी कुणीच का विचारलं नाही?”

सिस्टर उठून माझी सैल वायर तपासू लागल्या.

मुलीला न्यूमोनिया झाला होता. ती बरी होऊन घरी गेली. माझी वायर बदलली. आता डॉक्टर तपासण्याआधी कुणाला तरी हात हलवायला सांगतात.

मित्रांनो, माझी काच पुसत जा, पण माझ्यावर डोळे झाकून विसंबू नका. आजारी मूल तुमच्याजवळ असेल, तर आधी त्याच्याकडे नीट बघा आणि मग माझ्याकडे.