कोरडे पाय

"खाली नका बघू मॅडम! पाय कुठं पळून जात नाहीत, समोर बघा!"

हे ऐकेपर्यंत हॅटी पाण्यात पडलेली होती. नाकातोंडात खारं पाणी गेलं, कानांना दडे बसले, अंबाडा सुटून केस तोंडावर आले. खोकत खोकत तिनं तरंगत्या फळीची कड धरली. शेजारच्या फळीवर सॉलोमन ताठ उभा होता, हातातलं वल्हं पाण्यात टेकवून खुशाल हसत होता. हसणं तेच, लग्नाच्या दिवशीचं. पण 'मॅडम' नवीन होतं, आणि 'नका बघू' हेही. एवढ्या वर्षांच्या संसारात रागानं म्हणा, लोभानं म्हणा, नवरा तिला कधी 'तुम्ही' म्हणाला नव्हता.

"पडायचं तर फळीपासून लांब पडा," तो म्हणाला. "पाणी मऊ असतं, फळी कडक. फळीवर आपटलात तर दात वेचत बसावं लागेल."

"दात घरी डबीत ठेवून आलेय," हॅटी म्हणाली.

सॉलोमन खदखदून हसला. "हे बेस! अशी विद्यार्थीण पाहिजे. कुठल्या हॉटेलात उतरलात तुम्ही?"

हॅटीनं तोंडावरचे केस मागं सारले. खरं उत्तर तिनं पहिल्या दिवशी दिलं होतं. "अरे सोलो, मी हॅटी. तुझी बायको," असं तिनं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. तेव्हा तो असाच हसला होता, पाहुण्याचा विनोद फसला तरी यजमान हसतो तसा. "माझी बायको? अहो मॅडम, ती मिठाची आहे. गुडघाभर पाण्यात आली तरी विरघळेल!"

आणि यात खोटं काय होतं? बेटावर जन्मून, बेटावर म्हातारी होऊन हॅटी कधी समुद्रात उतरली नव्हती. लहानपणी एका लाटेनं तिला वाळूवरून फरपटत नेलं होतं, तेव्हापासून समुद्राला तिनं लांबूनच नमस्कार घातला. हॉटेलच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करण्यात तिचा जन्म गेला, वाफेपलीकडचं पाणी तिनं अंगाला लावून घेतलं नाही. वायानाए गावच्या बायका चिडवायच्या, "हॅटी, तुझा नवरा अख्ख्या जगाला पाण्यावर उभं करतो आणि तू आपली वाळूत कोंबडीसारखी!" ती म्हणायची, "कोंबडी बरी. कोंबडी बुडत नाही."

सॉलोमननं खरंच अख्ख्या जगाला उभं केलं होतं. वाइकीकीच्या किनाऱ्यावर त्यानं पर्यटकांना लाटांवर स्वार व्हायला शिकवलं. नवशिक्यांवर नजर ठेवता यावी म्हणून तो मोठ्या फळीवर उभा राहून होडीच्या वल्ह्यानं त्यांच्याभोवती फिरायचा. पुढे त्याच उभं राहण्याचा खेळ झाला आणि लोक त्याचेही पैसे देऊ लागले. त्याला त्याचं हसू यायचं. काम सुटल्यावर तो घरी, पोकाईच्या खाडीवर परतला. ही खाडी म्हणजे परातीतलं पाणी. दगडी बांधानं लाटा बाहेरच अडवलेल्या, त्यामुळं तान्ही पोरंसुद्धा आत डुंबतात. रोज उजाडता तो फळीवर दोरी आणि गळ घेऊन बांधाच्या तोंडाशी जायचा, कधी चार मासे आणायचा, कधी नुसतंच ऊन. आणि रोज हॅटी भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या वाळूत, फुलाफुलांचा घोळदार झगा घालून टॉवेल आणि थर्मास घेऊन उभी असायची.

आता त्या किनाऱ्यावरची एक रीत सांगायला हवी. मासे धरायला निघालेल्या माणसाला तिथं कुणी 'कुठं चाललास' असं विचारत नाही. माशांना कान असतात. विचारलं की त्यांना खबर लागते, आणि मग गडी जाळं खाली ठेवून सरळ घरात येऊन बसतो, त्या दिवशीचं जाणं रद्द. फारच कुणी हटकलं तर 'होलोहोलो' म्हणायचं, म्हणजे जरा भटकून येतो. हॅटीनं जन्मात नवऱ्याला 'कुठं' विचारलं नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात ते अंगाशी आलं. सॉलोमनच्या डोक्यातून एकेक गोष्ट गळायला लागलीच होती. आधी शेजाऱ्यांची नावं, मग चुलीवरचं भांडं, मग पोरगी कुठल्या गावी असते ते. पण फळीवर चढला की माणूस पूर्वीचा. म्हणून हॅटी निर्धास्त होती. एक दिवस ती दात बसवून घ्यायला दवाखान्यात गेली आणि सॉलोमन बांधाबाहेर गेला तो दुपारपर्यंत आलाच नाही. किनाऱ्यावरचा जीवरक्षक केआवे मोटारीवर चालणारी फळी घेऊन शोधायला निघाला, तेव्हा त्यानं आधी विचारलं, "आंटी, अंकल कुठल्या बाजूला गेलेत?"

"होलोहोलो," हॅटी म्हणाली.

केआवे त्याच मातीतला. त्यानं मान डोलावली आणि पुढे विचारलं नाही. खूप लांबवर सापडलेल्या सॉलोमननं त्याच्या पाठीत वल्हं हाणलं. "मासे पळवलेस, गाढवा!" केआवेनं ते सोसलं, पण संध्याकाळी तो घरी येऊन गेला. "आंटी, एकदा मी गप्प बसलो. परत अंकलना ओढून आणायची वेळ आली तर मला वर कळवावं लागेल. मग माझ्या हातात काही नाही राहणार."

लास व्हेगासहून पोरीचा, नोहेआचा फोन आला. "नवरा कुठं गेला म्हणून विचारलं तर होलोहोलो? आई, हे काय उत्तर झालं?"

"मग काय सांगू? मला ठाऊक होतं का?"

"तेच म्हणते मी! आता आणखी एकदा असं झालं ना, की मी येऊन दोघांना उचलणार. इकडं राहा. बाबांना पाणी पाहिजे ना? इथं हॉटेलांपुढं कारंजी आहेत मोठमोठी."

"कारंजी," हॅटी म्हणाली.

"नाहीतर तू विचारत जा ना त्यांना रोज सकाळी, कुठं चाललास म्हणून. तुमच्याच रीतीनं घरी बसतील."

पोरगी वाळवंटात राहूनही हुशार निघाली. दुसऱ्या दिवशी सॉलोमननं फळी काखेत मारली आणि हॅटीनं डोळे मिटून विचारून टाकलं, "कुठं चाललास रे?" तो जागच्या जागी थिजला. बायकोनं भर रस्त्यात थोबाडीत मारावी तसा तिच्याकडे बघत राहिला. मग फळी भिंतीला टेकवून गाडीच्या शेडमध्ये उपड्या बादलीवर जाऊन बसला. तिसऱ्या दिवशीही तेच, आणि त्यानंतरही. तो भांडला नाही, दुखावल्याचंही विसरायचा. पण सकाळी फळी उचलायचा आणि प्रश्न ऐकून खाली ठेवायचा. हळूहळू त्यानं पोईचा, अळकुड्यांच्या लापशीचा वाडगा परत सारायला सुरुवात केली. दाढी राहिली. एका सकाळी तो फळीपाशी गेलाच नाही, सरळ बादलीवर जाऊन बसला. हे आपण काय करून ठेवलं, असं म्हणून ती ओट्याला धरून रडली आणि तिनं कानाला खडा लावला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं ते दुखणं होतं. मग एकच वाट उरत होती. त्याच्या मागोमाग जायचं.

म्हणून ती या वयात नवऱ्याची जुनी अर्धी चड्डी आणि केआवेनं दिलेलं नारिंगी जाकीट घालून खाडीत उतरली होती. पाण्याची भीती गेली होती अशातला भाग नाही. भीती तिच्याबरोबर रोज पाण्यात यायची आणि रोज तिच्याबरोबर पडायची. चार वेळा आपटलं की हॅटी दमून किनाऱ्यावर यायची, झगा चढवून आपल्या जागी उभी राहायची, आणि थोड्या वेळानं सॉलोमन आपणहून परत यायचा.

"चला, पुन्हा," सॉलोमन म्हणाला. "आधी गुडघ्यांवर. वल्हं आडवं ठेवा. असं नाही, उलटं धरलंय. हां. आता जिथं गुडघा आहे तिथं एक पाऊल. घाई नाही, समुद्र कुठं जात नाही. आता दुसरं. गुडघे थोडे वाकलेले राहू द्या आणि तिकडं बघा, जिथं पाणी संपतं."

हॅटी उठली. फळी पायाखाली गाईच्या पाठीसारखी हलत होती. तिनं समोर बघितलं.

"वल्हवा! थांबलात तर पडाल. चालतं राहिलं की तोल आपोआप येतो."

तिनं वल्हं पाण्यात घातलं, ओढलं. परत घातलं. फळी सरकली. ती उभी होती. हॅटी नाओने, धुलाईघरातली, मिठाची, पाण्यावर उभी होती. एका अंगाला डोंगर, फळीखाली स्वच्छ तळ, आणि शेजारी नवरा. इतक्या वर्षांत तो रोज काय बघायला जात होता ते तिला पहिल्यांदा दिसलं. आपण हे आधीच का नाही केलं, असं वाटून तिला हुंदका आला.

"शाब्बास मॅडम! बरं, आजचा तास झाला," सॉलोमन म्हणाला आणि फळी वळवून बांधाच्या तोंडाकडे निघाला.

हॅटी मागोमाग निघाली. पण त्याच्या एका हात मारण्यात तिचे पाच व्हायचे. अंतर वाढत चाललं. बांधाच्या तोंडाशी पाण्याचा रंग गडद होत होता. किनाऱ्यावर केआवे मचाणावर उठून उभा राहिला होता. आता तो निघाला की सगळं संपलं, हे हॅटीला कळत होतं. तिनं कधीही करायचं नाही म्हणून ठरवलेलं केलं.

"सोलो! कुठं चाललास?"

तो थांबला. वळला. हॅटीला वाटलं, आता चेहरा पडेल, परत फिरेल, शिव्या दिल्या तरी चालतील. पण त्याचा चेहरा पडला नाही. रीतसुद्धा गळून गेली होती.

"बायकोला शोधायला," त्यानं सरळ सांगितलं. "ती रोज तिथं वाळूत उभी असते. तिला बघूनच मी वळतो. आज दिसत नाही. पलीकडच्या किनाऱ्यावर असेल." त्यानं वल्ह्यानं बांधाबाहेर दाखवलं. बाहेर नुसता समुद्र होता. "तुम्ही परत जा मॅडम. पुढं खोल आहे."

दवाखान्यातल्या त्या दिवसाचं कोडं हॅटीला त्या क्षणी उलगडलं. त्या दिवशीही ती वाळूत नव्हती. ओरडून सांगावं, मी इथं आहे रे, तुझ्यासाठी आलेय! पण ओल्या केसांची, नारिंगी जाकिटातली ती कोण होती त्याची? त्याची बायको पाण्यात उतरत नाही. जितकी ती त्याच्या जवळ आली होती, तितकी त्याच्यापासून हरवली होती.

तिनं फळी वळवली. वळताना पडली. आता उभं राहण्याचा हट्ट सोडून ती गुडघ्यांवर बसून वल्हवू लागली. तो मागे थांबलाय की पुढे गेलाय हे बघायला वळलं तर परत पडणार, म्हणून ती वळली नाही. तो मागे बांधाबाहेर जात असेल, आणि आपण त्याला पाठ दाखवून चाललोय. असं असहाय तिला कधीच वाटलं नव्हतं, आईला पुरताना नाही आणि पोरीला विमानात बसवतानाही नाही.

"आंटी, जाऊ का मी?" केआवे वरून ओरडला. मोटारीच्या फळीची किल्ली त्याच्या हातात होती.

हॅटीनं तळहात उंच केला. थांब.

ती वाळूत आली. जाकीट काढून झुडपात भिरकावलं, ओल्या कपड्यांवरूनच झगा ओढला, टॉवेलनं पाय पुसले आणि भरतीच्या रेषेच्या वर, आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली. मगच तिनं समोर बघितलं. बांधाच्या तोंडाशी एक काळी काडी होती, बाहेरच्या बाजूला. ती बारीक होत होती की तशीच होती, हॅटीला ठरवता येईना. तिनं हाक मारली नाही, हात केला नाही. ती कधीच करत नसे. आज काही वेगळं केलं आणि त्याला ओळख पटली नाही तर?

काडी बराच वेळ तशीच राहिली. मग ती वळली.

सॉलोमन आला, फळी वाळूवर ओढली आणि टॉवेलसाठी हात पुढे केला. "कुठं होतीस गं? दिसलीच नाहीस."

"इथंच होते."

"केस कसे ओले?"

"आंघोळ केली."

त्यानं चहाचा घोट घेतला. "आज एक म्हातारी आली होती शिकायला. भित्री होती, पण उभी राहिली बघ. पार बांधापर्यंत आली माझ्या मागं." तो खाडीकडे बघत राहिला. "मग वळून बघतो तर कुठं गेली कुणास ठाऊक. तिच्याबरोबर कुणीच नव्हतं गं, हॅटी. एवढ्या वयाची बाई, एकटीच."

हॅटीनं थर्मासचं झाकण लावलं. ते नीट बसेना. "आता नाही येणार ती," ती म्हणाली.

"का?"

"घरी गेली."

"अरेरे," सॉलोमन म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं. "चांगली शिकली असती."

हॅटी उभीच राहिली. झग्याच्या घेरातून ठिबकणारं पाणी तिच्या पायांभोवतीच्या कोरड्या वाळूत जिरत होतं.