पळीभर तीर्थ

बीबी गावच्या मारुतीची घंटा तडकली, तेव्हा नवी ओतायचं काम कादर ओताऱ्याकडे आलं. कीर्तनातल्या आमच्या झांजा त्याच्याच हातच्या. त्या वाजल्या की विठ्ठल अंगणात आल्यासारखा वाटे. कादरने मातीचा साचा केला, तीन दिवस गोवऱ्यांच्या धगीवर वाळवला. ओल्या हाताने कोणी जवळ यायचं नाही, असं बजावलं.

गावातल्या झुंबरमायने नवऱ्याचा काशाचा वाडगा त्या ओतकामात दिला होता. देवाचं काम तीर्थावाचून कसं होऊ द्यावं? कादर भट्टीकडे वळला, तशी तिने पदराआडची पळी साच्याच्या तोंडात रिकामी केली.

रस आत गेला आणि साचा फुटला. उडालेल्या काशाने कादरचे दोन्ही डोळे गेले.

गाव म्हणालं, आळशी माणूस, साचा ओलाच ठेवला. त्याचा धाकटा भाऊ अन्वर, त्यालाही कोणी काम देईना.

पंधरा दिवस गेले. शेवटी झुंबरमाय कादरच्या ओट्यावर जाऊन बसली आणि सगळं सांगितलं. कादरने आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं.

"किती होतं?"

"एक पळी."

"माय, चुलीवरच्या पाण्याची वाफ झाकण उडवते. कासं तं चुलीहून कितीक तापेल. त्यात पळीभर पाण्याची एका झटक्यात रांजणभर वाफ होते. तिले जागा पाह्यजे. साच्यात जागा कुठून आणू?"

"मले माफ कर, बाप्पा."

"ते राहू दे. माहा साचा कोरडा होता, एवढं देवळात सांग. अन्वरले पोट हाय."

एकादशीला देवळातल्या कीर्तनाचा पूर्वरंग संपला, बुवांना माळ-बुक्का झाला आणि झुंबरमाय उभी राहिली. सगळं बोलली. महादेवराव पाटील हसले.

"तीर्थानं कोणाचं वाईट होते काय, माय? दुसऱ्याचं पाप पदरात घेऊन राह्यली तू."

ती पुन्हा सांगू लागली. पण बाया तिच्या पाया पडायला लागल्या होत्या. बुवांचेही डोळे भरले. टाळ बाजूला ठेवून मीही पाया पडलो. असं लोण्यासारखं काळीज पाहिलं नव्हतं. ती पाय मागे घेत राहिली. बुवांनी उत्तररंग धरला.

दाराबाहेर कादर भावाच्या खांद्यावर हात ठेवून उभा होता. "चाल," एवढंच म्हणाला.

त्याच आठवड्यात अन्वर ओतकाम सोडून खामगावला कापसाच्या जिनात सरकी उचलायला गेला.