निघालेल्या गाठीची तपासणी

वंदनाच्या छातीतली गाठ काढून दीड वर्ष झालं होतं. गाठ साधी निघाली, कॅन्सरची नव्हती. पण जालन्याच्या डॉक्टर मॅडमनी तेव्हाच सांगून ठेवलं होतं, ही गाठ परत येऊ शकते, म्हणून काही वर्षं दर सहा महिन्यांनी दाखवून जायचं. तिच्या गावात, केदारखेड्यात, हे कुणाला पटत नव्हतं. साधी होती तर अजून दवाखाना कशाला, असं बाया विचारायच्या. वंदना आधी नीट समजावून सांगायची, पुढं पुढं नुसती मान हलवायला लागली.

या खेपेची तारीख ऐन कापूस वेचणीत आली. आदल्या संध्याकाळी भाकरी थापताना तिनं नवऱ्याला, कल्याणला, सांगून टाकलं की या खेपेला जायचं नाही. दुखत काही नाही, हाताला काही लागत नाही, दिवसभर बाकड्यावर बसायचा तिला कंटाळा आला होता. कल्याण स्वतःच थकून आला होता. तुझं तू बघ, म्हणाला.

तिची सासू जयवंताबाई दारात बसली होती. दर खेपेला कुरकुरणारी हीच. पण आज ती म्हणाली, "जायचं. मी येते संगं."

सकाळी दोघी काळीपिवळीत बसून निघाल्या. दवाखान्यात नेहमीसारखीच गर्दी होती. पंख्याखाली जागा मिळाली नाही. नंबर लागेपर्यंत दुपार झाली. मॅडमनी टाक्यांच्या खुणेच्या आजूबाजूला बोटं दाबून पाहिली, काखेत पाहिलं, सोनोग्राफी केली. काही नव्हतं. वंदनाला वाटलं होतं तेवढं हलकं वाटलं नाही. आता सहा महिन्यांनी परत, एवढंच मनात आलं.

ती ब्लाउजची बटणं लावत होती तेवढ्यात सासू पडद्याच्या आत आली आणि भिंतीकडं बघत म्हणाली, "मॅडम, माझी बी बघा. डाव्या अंगाला हाय. तुमी हिची काढली, त्याच्या आधीपासून."

वंदना तिच्याकडं वळली. मग म्हणाली, "आत्याबाई, मला तरी सांगायचं."

"तुझंच चालू होतं. एका घरात दोघी म्हणल्यावर लोकं काय म्हणले आसते. मंग न्हाई बोलले."

वंदनाला राग यायला हवा होता. पण तिला नुसतं बसावंसं वाटलं, आणि ती स्टुलावर बसली. इतके दिवस ही बाई गाठ अंगावर घेऊन पाटी उचलत होती, धुणं धूत होती, आणि वंदनाच्याच चकरांना नावं ठेवत होती. मॅडम सासूला तपासू लागल्या तेव्हा वंदना उठून उशाशी गेली. जयवंताबाईनं तिचा हात मनगटापाशी घट्ट धरला.

सोनोग्राफीत कळलं, ती पाण्याची गाठ होती. मॅडमनी सुई घालून पाणी ओढलं तशी ती बोटाखाली बसून गेली. घाबरायचं कारण नाही, पण पाणी परत भरतं का ते बघायला दोन महिन्यांनी या, असं त्या म्हणाल्या.

बाहेर आल्यावर सासूनं विचारलं, "पाणी निघालं तर आनिक कशाला यायचं?"

वंदनानं तिला बाकड्यावर बसवलं आणि सावकाश सगळं सांगितलं. जयवंताबाईनं मधे एकदाही तोडलं नाही.

परतीच्या गाडीत दोघींना शेजारी जागा मिळाली. ऊन उतरलं होतं आणि रस्त्याच्या कडेनं कापसाच्या गाड्या भरून चालल्या होत्या. राजूर मागं पडल्यावर सासू म्हणाली, "सकाळी मी भाकरी करते. तू जरा येळ पडून राह्य."

"तुमाला सुई टोचली हाय."

"मंग दोघी बी पडून राहू," जयवंताबाई म्हणाली आणि डोळे मिटून घेतले.