आधीच भरलेला अर्ज

नंदिनीने तपासण्यासाठी अर्जाचे पान नव्याने उघडले, तर त्यातले रकाने आधीच भरलेले होते.

नाव, मोनाली. गाव, हिंगणघाट. तक्रार कोणाविरुद्ध, पती. तिने पान पुन्हा उघडले. खाली एक नवी ओळ आली होती. ‘मागच्या महिन्यात त्यांनी माझा हात दारात चिरडला आणि मी पडले असे सांगायला लावले.’

नंदिनीचे हात कीबोर्डवरून खाली आले. मोनालीवहिनीच्या हाताला प्लास्टर होते तेव्हा घरची धुणीभांडी नंदिनीनेच केली होती. मोरीत पाय घसरला, असे तिचा भाऊ अश्वजित येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता.

घरात मार खाणाऱ्या बायकांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेकरिता ही साईट तिने बनवली होती. ती आजच सुरू झाली होती. सकाळी चहा पिताना तिनेच भाऊ-वहिनी दोघांना सांगितले होते की इथे एकीचे नाव दुसऱ्या कोणालाच दिसत नाही. अश्वजितने कौतुकाने लिंक मागितली, म्हणून तिने ती घरच्या ग्रुपवर टाकली होती.

चूक तिला लगेच कळली. अर्जात टाइप होत जाणारा मजकूर धरून ठेवणारा जावा प्रोग्राममधला ऑब्जेक्ट प्रत्येक सेशनला, म्हणजे साईट उघडणाऱ्या प्रत्येकाला, वेगळा मिळावा, हे सांगणारी ओळ लिहायची राहून गेली होती. मग सर्व्हरने सगळ्यांसाठी मिळून एकच बनवला. आता जो कोणी ते पान उघडेल, त्याला वहिनीचाच अर्ज दिसणार होता.

तिने ओळ घातली. पण ती लागू व्हायची तर सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करावा लागणार, आणि वहिनीने लिहिलेले सगळे पुसले जाणार. एकदा वहिनीने अर्ज पाठवला की तो संस्थेकडे नीट पोचणार होता. नंदिनी थांबली. पान पुन्हा उघडले. आणखी दीड ओळ आली होती. 

खालून, पुढच्या खोलीतून अश्वजितची हाक आली.

“नंदे, तुही साईट पाहून राह्यलो मी. कुठं दाबू?”

तिने सर्व्हर बंद केला.

तो परत सुरू झाल्यावर तिने लॅपटॉपवर आणि मोबाईलवर, दोन्हीकडे अर्ज उघडून पाहिला. दोन्ही कोरे होते. मग ती जिना उतरली. साईट मधेच बंद पडली, असे अश्वजितने तिला सांगितले. त्याचा चेहरा रोजच्यासारखाच होता. त्यावरून काहीच कळत नव्हते.

स्वयंपाकघरात वहिनी मोबाईल हातात धरून उभी होती. गॅसवर वांग्याची भाजी शिजत होती.

“वहिनी, तू लिवलेलं मले दिसलं,” नंदिनी हळू आवाजात म्हणाली. “माही चूक झाली.”

वहिनीने पुढच्या खोलीकडे पाहिले.

“त्यायले?”

“माहीत नाई.”

 आता चूक दुरुस्त झाली आहे, पण लिहिलेले सगळे गेले, हेही नंदिनीने सांगून टाकले. वहिनीने पदराने तोंड पुसले आणि भाजीचा चमचा तिच्या हातात दिला.

“भाजी पाह्य. मी तुह्या खोलीत बसून पुन्हा लिवतो.”

ती वर गेली. कडी लागल्याचा आवाज आला.

थोड्या वेळाने अश्वजित दारात आला. मोबाईल त्याच्या हातातच होता.

“मोनाली कुठं हाय?”

“वर. माहं एक काम करून राह्यली.”

तो जिन्याकडे वळला. नंदिनीने गॅस बंद केला, त्याच्या बाजूने पुढे गेली आणि चमचा हातात घेऊनच सगळ्यात खालच्या पायरीवर बसली. जिना अरुंद होता.