निरीक्षण: काही बदल नाही

विज्ञानाच्या सरांच्या जिभेला धार होती आणि त्या धारेचा त्यांना अभिमानही होता. प्रयोगवह्या तपासता तपासता त्यांनी एक वही उंच धरली आणि वर्गाला वाचून दाखवलं, "निरीक्षण: पानाच्या रंगात काही बदल नाही." मग चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "एकोणचाळीस जणांना पान निळं-काळं झालेलं दिसलं. आमच्या चिमणीलाच तेवढं दिसलं नाही. डोळे घरी विसरलीस का गं?"

वर्ग खो खो हसला. तिसऱ्या बाकावरच्या त्या मुलीचा आवाज बारीक, म्हणून तिला सगळे चिमणी म्हणत. ती उभी राहून एवढंच म्हणाली, "सर, मी दोनदा थेंब टाकून बघितला."

"दोनदा टाक नाहीतर वीसदा! पान उन्हात साखर बनवतं, उरलेली पिष्ट म्हणून साठवतं. पिष्टावर आयोडीन पडलं की निळा-काळा रंग येणारच. निसर्ग काय तुझ्यासाठी नियम बदलणार आहे?"

शून्य मिळालं. वर 'पान निळे-काळे होते' हे पन्नास वेळा लिहून आणायची शिक्षा. तिनं आणलं. शेवटच्या ओळीपर्यंत अक्षर सुबक होतं.

पंधरा दिवसांनी सर दुसऱ्या तुकडीच्या तयारीसाठी बटाटा कापत होते. बटाटा म्हणजे पिष्टाचं कोठारच. त्यांनी फोडीवर आयोडीनचा थेंब टाकला. फोड पांढरीच राहिली. दुसरा थेंब टाकला, तिसरा टाकला. शेवटी ड्रॉपर उजेडात धरला, तर कोऱ्या चहासारखं दिसायला हवं ते आयोडीन निव्वळ पाण्यासारखं.

"त्यात आता काय राहिलंय?" प्रयोगशाळेतले काका परीक्षानळ्या धुता धुता म्हणाले. "बाटलीचं बूच फुटलं तेव्हा तुम्हीच म्हणालात ना, कापूस कोंबा, चालतंय. सगळं आयोडीन उडून गेलं. दोन महिने झाले की त्याला."

सरांनी ड्रॉपर खाली ठेवला. म्हणजे त्या दिवशी एकाही पानाला रंग चढला नव्हता. एकोणचाळीस जणांनी पुस्तकातलं उतरवलं होतं आणि आपण खुर्चीतून न उठता त्यांना दहापैकी दहा वाटले होते. जे दिसलं ते लिहिणारी एकटी तीच. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फाशी देणारे आपण! त्यांना लाज वाटली, अगदी कानशिलं तापेपर्यंत. शून्य खोडून दहा करणं सोपं होतं. वर्गाचं ते हसणं कसं खोडणार?

दुसऱ्या दिवशी तीच बाटली आणि बटाटा घेऊन ते वर्गात आले. सगळ्यांसमोर माफी मागायची असं ठरवूनच आले होते. पण आधी तिचं म्हणणं तिच्याच तोंडून खरं ठरावं, म्हणून त्यांनी चिमणीला टेबलापाशी बोलावलं, फोडीवर थेंब टाकला आणि जमेल तितक्या मऊ आवाजात विचारलं, "सांग बाळा, काय दिसतंय?"

हातच्या काकणाला आरसा कशाला? फोड तिच्या नाकासमोर होती, पांढरीफटक. चिमणी सरांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

"निळं-काळं, सर."

"नाही गं, नीट बघ. पांढरीच आहे ना फोड?" सरांनी फोड उचलून तिच्यापुढे धरली. "त्या दिवशी तुझंच बरोबर होतं. चूक माझी होती."

"हो सर, पांढरी," ती लगेच म्हणाली. तिची नजर अजून त्यांच्या चेहऱ्यावरच होती.